हिरवळीला लागलेली चाई

नव्या गृहसंकुलाच्या माहितीपत्रकातली हिरवळ नेहमी एकसलग असते. प्रत्यक्षात एक-दोन पावसाळे गेले की तिच्यात कुठेतरी उघडा चट्टा दिसू लागतो, डोक्यावर चाई पडावी तसा. माळी तिथे लॉनचे नवे तुकडे आणून बसवतो. ते महिनाभर हिरवे राहतात आणि पुन्हा पिवळे पडतात. मग सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो. एक जण युरिया सुचवतो, दुसरा चुना, तिसऱ्याला गावाकडचे एखादे जालीम औषध ठाऊक असते. आठवडाभरात हे तिन्ही त्या चट्ट्यावर पडलेले असते. गवत तरीही येत नाही, आणि मूळ दुखण्याला आणखी तीन दुखणी जडलेली असतात.

निदानाआधी औषध ही सवय दवाखान्यातही दिसते. फरक इतकाच की हिरवळ बोलत नाही. तिची लक्षणे मात्र बोलतात, आणि त्यांतले सर्वांत बोलके लक्षण म्हणजे चट्ट्याची कड.

त्वचारोगतज्ज्ञ इसब पाहताना आधी त्याचा आकार पाहतात. पायावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचाच इसब असेल किंवा मनगटावर घड्याळाएवढा गोल असेल, तर कारण बाहेरून लागलेले असते. रक्ताच्या दहा तपासण्या करून काही हाती लागत नाही. हिरवळीतही सरळ कड दिसली की माणसाचा हात ओळखावा. पेव्हर ब्लॉकच्या कडेने जाणारी पिवळी पट्टी बहुधा फटींतले तण मारायला फवारलेल्या तणनाशकाची असते. प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत तिरकी गेलेली रेघ म्हणजे रहिवाशांनी पाडलेली पायवाट. तिथली माती दबून इतकी घट्ट होते की मुळांना हवा मिळत नाही. तळहाताएवढा वाळका गोल आणि भोवती गडद हिरवे कडे दिसले, तर ती कुत्र्याची करामत. मूत्रातल्या नत्राने मधले गवत जळते, कडेला तेच नत्र खत म्हणून लागू पडते. वेडावाकडा आणि दर महिन्याला सरकणारा चट्टा असेल, तर किडीचा किंवा बुरशीचा संशय घ्यावा.

वर्षानुवर्षे जागचा न हलणारा चट्टा मात्र बहुतेक वेळा जमिनीखालचे काहीतरी सांगत असतो. याचे एक सुंदर उदाहरण इंग्लंडमधले आहे. स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचा काही भाग आज रिकामा आहे. तिथे कधी शिळा होत्या की वर्तुळ अर्धवटच राहिले, हा जुना वाद होता. २०१३च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या गवताला पाणी देणारा पाइप आखूड पडला आणि त्या भागाला पाणी मिळाले नाही. बाकीचे गवत तग धरून असताना काही ठरावीक जागी ते करपले. त्या जागा नेमक्या हरवलेल्या शिळांच्या ठिकाणांशी जुळत होत्या! शिळा जाऊन किती शतके लोटली असतील, पण तिथली माती वेगळी झाली ती झालीच.

आपल्या गृहसंकुलांखाली शिळा नसतात, राडारोडा असतो. विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, उरलेले काँक्रीट यांवर चार बोटे लाल माती पसरून वर लॉन अंथरलेले असते. मुळांना खाली जायला जागा नाही, पाणी धरून ठेवायला माती नाही. शिवाय सिमेंट आणि चुन्याने मातीचा सामू वाढतो. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि नवी पाती पिवळी निघतात. एक प्रकारचा पंडुरोगच म्हणायचा. त्यावर आणखी चुना टाकणे म्हणजे आगीत तेल. चुन्याचा सल्ला येतो तो आम्ल जमिनींच्या मुलखातून. कोकणच्या जांभ्या मातीत तो कधी लागू पडेलही, पण देशावरच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते.

तपासायला फार काही लागत नाही. एक लांब स्क्रूड्रायव्हर चट्ट्यात आणि चांगल्या गवतात आळीपाळीने खुपसून पाहावा. चट्ट्यात तो दोन इंचांवर अडत असेल, तर वीतभर खड्डा खणावा. निघालेल्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकल्यावर जोरात बुडबुडे आले, तर चुनखडी किंवा सिमेंट आहे असे समजावे. अशा वेळी खत व्यर्थ. राडारोडा उपसून निदान वीतभर चांगली माती भरणे, एवढाच उपाय.

आता त्या जालीम औषधाविषयी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात चट्टा झपाट्याने पसरू लागला आणि गवत मुठीत धरून ओढल्यावर सतरंजीसारखे उचलले गेले, तर मुळे हुमणीने खाल्लेली असतात. खाली इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतात. ऊस आणि भुईमूग पिकवणाऱ्यांना ही कीड चांगली परिचयाची, आणि तिच्यावर पूर्वी सर्रास वापरले जाणारे दाणेदार औषध म्हणजे फोरेट, बोलीभाषेत ‘थिमेट’. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते अतिविषारी गटात मोडते. भारतात ३१ डिसेंबर २०२०पासून त्याच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी आहे. तरी गावाकडच्या कोठीतली जुनी पिशवी शहरात येते आणि जिथे संध्याकाळी मुले अनवाणी खेळतात, तिथेच ते दाणे पसरले जातात.

फोरेट त्वचेतूनही शरीरात जाते. तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, उलटी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू फडफडणे, छातीत घरघर ही त्याच्या विषबाधेची लक्षणे. असे काही दिसले तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे (धुणाऱ्याने हातमोजे घालावेत), उलटी काढायचा प्रयत्न करू नये आणि औषधाची पिशवी घेऊन थेट रुग्णालय गाठावे. अॅट्रोपिन वेळेवर मिळाले तर रुग्ण वाचू शकतो. पॅराक्वॉट या तणनाशकाला तर उताराच नाही. ते पोटात गेले की फुप्फुसे निकामी होत जातात, आणि तसे रुग्ण होतात ते अनेकदा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध चुकून प्यायल्यामुळे. चार हात गवतासाठी ही जोखीम घेण्याचे काही कारण नाही. हुमणीवर मेटारायझियम या बुरशीची भुकटी मिळते. मे-जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर, बाभळीवर येणारे भुंगेरे रात्री फांद्या हलवून गोळा करता येतात. आणि खणल्यावर एक-दोन अळ्याच सापडल्या, तर काहीच करू नये.

खड्डा स्वच्छ निघाला, अळ्याही नाहीत, तर माती प्रयोगशाळेत पाठवावी. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात हे काम होते. नमुने दोन द्यावेत: एक चट्ट्यातला, दुसरा शेजारच्या निरोगी गवताखालचा. नुसत्या चट्ट्याच्या अहवालावरून फारसे कळत नाही, तुलना हवी. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब एवढे पाहिले तरी पुरे. बोअरवेलच्या खारट पाण्याने क्षार साचले असतील, तर ते इथे दिसतात.

दोन्ही अहवाल सारखे आले तर दोष मातीत नाही, डोक्यावर आहे. हरळी किंवा मेक्सिकन लॉनला दिवसाचे सहाएक तास थेट ऊन लागते. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या भर दुपारी ३० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे २७ मीटर पडते. मेअखेरीस तीच जागा दुपारी उन्हात असते. म्हणून उन्हाळ्यात पाहणी करून ‘ऊन भरपूर आहे’ असे सांगणारा माळी खोटे बोलत नसतो, फक्त हिवाळ्यात पुन्हा येत नसतो. दर तासाला एक छायाचित्र, असे डिसेंबरातला एक दिवस आणि मेमधला एक दिवस केले की उलगडा होतो. दाट आंब्याखाली तर तेवढ्याचीही गरज नाही.

अशा जागी गवताचा हट्ट सोडून नेचे किंवा स्पायडर प्लांट लावावे, नाहीतर झाडाचाच पालापाचोळा पसरून ठेवावा. सिंगोनियमही सावलीत उत्तम वाढते, पण त्याची पाने चावली तर तोंड आणि घसा चांगलाच चुरचुरतो. रांगती मुले खेळतात तिथे ते नको.