उत्तर आलं नाही तर

सकाळी ६.३०. पडद्यावर मात्र एक वाजलाय. विमानांचं घड्याळ ग्रीनिचचं, आपल्याहून साडेपाच तास मागे. रात्रपाळीवाल्या डिस्पॅचरकडून चार्ज घेतला. जुलै महिना, मुंबईत पाऊस कोसळतोय.

७.१५. दिल्ली–मुंबईचं इंधन काढायचं. टॅक्सीचं, प्रवासाचं, वर थोडं आकस्मिक, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटचं, हात न लावायचं, तीस मिनिटांचं. अहमदाबादवरही ढग, म्हणून पर्याय हैदराबाद धरला. इंधन वाढलं, वजन वाढलं. कॅप्टनचा फोन: “मॅडम, अजून पाचशे किलो घालूया?” “घाला सर, आज घिरट्या होणार.”

१०.२०. झाल्याच. दृश्यता एकदम खाली आली. मी हैदराबादचं ताजं हवामान पाठवलं. चार मिनिटं उत्तर नाही. मला घाम फुटला नाही: एकजण उडवतोय, दुसरा कंट्रोलशी बोलतोय, माझा नंबर तिसरा. पाचव्या मिनिटाला एक ओळ आली: मिळालं, अजून दहा मिनिटं थांबतो. सात मिनिटांत उतरलेसुद्धा.

११.००. चहा. विषय निघाला तो कॉकपिटात एकच वैमानिक ठेवण्याचा. नासाच्या एम्स केंद्रात यावर प्रयोग झाले आहेत. कल्पना अशी, की दुसरा वैमानिक जमिनीवर बसेल. एरवी तो अनेक विमानं सांभाळेल. एखादं अडचणीत आलं, की बाकीची दुसऱ्याला देऊन त्या एकालाच धरून बसेल. आणखी एक कल्पना बंदरातल्या पायलटची, म्हणजे ठरावीक विमानतळाचा जाणकार, विमान आत घेण्यापुरता. प्रयोगात दोन वैमानिकांना वेगळ्या खोल्यांत बसवलं, तेव्हा आत्ता कोण काय करतंय याचाच घोळ झाला. शेजारी बसलं की ते न सांगता दिसतं.

माझ्या मनात मात्र ती चार मिनिटंच होती. २४ मार्च २०१५ला जर्मनविंग्जचं विमान आल्प्सकडे उतरू लागलं, तेव्हा फ्रेंच कंट्रोलरनी पुन्हा पुन्हा हाक मारली. कॅप्टन बंद दाराबाहेर, आत एकटा सहवैमानिक. उत्तर आलंच नाही. १५० माणसं गेली. कॉकपिटात एकच असेल, तर गप्प विमान कामात आहे की संकटात, हे मी कोणत्या मिनिटाला ठरवायचं? आणि ठरवलं, तरी इथून हात कुठवर पोचतो?

दुपारी जेवण खुर्चीवरच. एक टायर, दोन उशीर, बाकी रोजचं.

संध्याकाळी ६.३०. चार्ज दिला. “कोचीवाल्याला हवामान पाठवलंय,” मी रात्रपाळीवाल्याला सांगितलं, “अजून उत्तर नाही. बघ जरा.”