इंटरकुलर केवढा घ्यावा? टर्बो गाडीवाल्यांसाठी थोडा हिशेब

कापडवाल्याने इंजिनावर लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. पण भिवंडीचा माल नगरच्या कापड बाजारात येतो तो गाडीने येतो, आणि गाडी घाटात बंद पडली तर नुकसान दुकानदाराचेच होते. शिवाय आपल्या बांधवांपैकी कितीतरी जण गॅरेज चालवतात, रेडिएटरचे काम करतात, भाड्याच्या गाड्या बाळगतात. त्यांच्याकडे रोज येणारा हा मामला आहे: टर्बो गाडीचा इंटरकुलर फुटला, तर नवा केवढा बसवावा? आणि मोठा बसवला तर गाडी जोरात चालते म्हणतात, ते कितपत खरे?

आधी माझी चूक सांगतो. मे २०१७ मध्ये, रमजानचा माल यायच्या दिवसांत, आमच्या मालवाहू पिकअपचा इंटरकुलर दगड लागून गळू लागला. इंजिन तीन लिटरच्या आतबाहेरचे. गॅरेजवाल्याने भंगारातून एका मोठ्या ट्रकचा इंटरकुलर आणला, रुंदीला थोडा जास्त आणि जाडीला जवळजवळ दुप्पट. "शेठ, एवढी थंड हवा मिळेल की गाडी उडेल," असे म्हणाला. किमतीत कंपनीच्या मालापेक्षा निम्मा होता, म्हणून मीही मान डोलावली. सपाटीला गाडी ठीक चालली. भिवंडीहून गठ्ठे भरून माळशेज घाट चढताना मात्र पाण्याचा काटा लाल रेघेवर गेला आणि हेड गॅस्केट उडाले. माल चार दिवस उशिरा आला. ज्या गिऱ्हाइकांना शब्द दिला होता ती दुसऱ्या दुकानात गेली. थंड करणारी वस्तू मोठी घेतली आणि इंजिन तापले, हे कसे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्यानंतर जाणत्या उस्तादांना विचारून आणि स्वतः कागदावर आकडे मांडून जे समजले ते येथे देतो.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेला पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आता सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून चार-सहा वेळा हवा मारून पाहा, नळी गरम लागते. हवा दाबली की तापतेच. नगरच्या उन्हाळ्यात ४० अंशांची हवा टर्बोने १ बार, म्हणजे टायरवाल्याच्या भाषेत साडेचौदा पौंड, दाबली तर ती साधारण १३८ अंशांवर जाते. गरम हवा फुगलेली असते, म्हणून त्याच जागेत तिचे वजन कमी भरते. इंजिनाला मात्र हवा वजनाने लागते, आकारमानाने नव्हे. कापूस जसा पोते पाहून नाही, काटा पाहून घेतात तसे. ही तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी म्हणजे इंटरकुलर.

आता तो किती थंड करतो? बाहेरची हवा ४० आणि टर्बोतून येणारी १३८, म्हणजे फरक ९८ अंशांचा. चांगला इंटरकुलर यातले ७० टक्के काढतो, आणि हवा ७० अंशांच्या आसपास बाहेर पडते. एवढ्याने हवेचे वजन सुमारे २० टक्के वाढते, हा मोठा फायदा आहे. समजा आपण आणखी मोठा घेतला आणि त्याने ७० ऐवजी ८० टक्के उष्णता काढली. मग हवा ६० अंशांवर येईल. पण वजनातली वाढ २० वरून फक्त २३ टक्क्यांवर जाते. पहिल्या ७० टक्क्यांत बहुतेक कमाई होऊन गेलेली असते.

या कमाईतून एक खर्च वजा करायचा राहिला, तो दाबाचा. जाळीतून जाताना हवा घासते आणि दाब घटतो. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच असल्याने येथे बाहेरच्या हवेचाच दाब ०.९४ बारच्या जवळ असतो. त्यात टर्बोचा १ बार मिळवला तर एकूण १.९४. यातला ०.१ बार, म्हणजे दीड पौंड, जाळीत गेला तर हवेचे वजन ५ टक्के घटते. म्हणजे १० अंश जास्त थंड करणारा इंटरकुलर जर आधीच्यापेक्षा ०.१ बार जास्त खात असेल, तर मिळाले ३ टक्के आणि गेले ५. मोठी वस्तू घेऊन उलट तोटा! रस्त्यावरच्या गाडीला पूर्ण जोरात ०.१ बारच्या आसपास दाब पडणे चालण्यासारखे आहे. त्याहून बराच जास्त पडत असेल तर ती जाळी त्या इंजिनाला अरुंद आहे, किंवा आतून तेल-काजळीने भरली आहे.

केवढा याचे उत्तर फक्त लांबी-रुंदी मोजून मिळत नाही. एकाच मापाच्या दोन जाळ्या वेगळ्या वागतात. नळ्या लांब असतील तर हवा जास्त वेळ आत राहते, थंड जास्त होते, पण दाबही जास्त जातो. नळ्या आखूड आणि संख्येने जास्त असतील तर दाब वाचतो. सर्वात जास्त महत्त्व समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाला आहे, कारण ताजी हवा तेथेच लागते. जाडीचा फायदा फार लवकर संपतो. ओली चादर दोरीवर एकपदरी टाकली तर तासात वाळते, चौपदरी टाकली तर आतले पदर संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. जाळीचेही तसेच आहे. पुढचा थर निम्मी उष्णता काढत असेल, तर मागच्या थराला तापलेली हवाच मिळते, आणि तो राहिलेल्यातली निम्मी काढतो, म्हणजे मुळातली पाव. वर हवेची वाट अडते ती वेगळीच.

माझ्या गाडीचे येथेच बिघडले. इंटरकुलर रेडिएटरच्या पुढे बसतो. तीन लिटरचे इंजिन २५०० फेऱ्यांवर या दाबाने मिनिटाला साधारण सव्वासहा किलो हवा घेते. तिला १३८ वरून ७० अंशांवर आणायचे तर सुमारे ७ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणजे घरातले दोन-दोन किलोवॅटचे साडेतीन गिझर. ही उष्णता रेडिएटरवर जाणाऱ्या हवेतच मिसळते. कंपनीने ते धरूनच रेडिएटर आणि पंखा दिलेला असतो. मोठ्या ट्रकच्या जाड जाळीमागे मोठ्या ट्रकचा पंखा लागतो. माझ्या पिकअपचा लहान पंखा त्या जाडीतून हवा ओढू शकला नाही. सपाटीला ६० च्या वेगात वाऱ्याने निभावले. घाटात भरल्या गाडीने १५-२० चा वेग, वारा नाही, इंजिन पूर्ण जोरात, सगळा भार पंख्यावर. इंटरकुलरने हवा थंड केली असेलही, पण पाणी उकळले. तेव्हा इंटरकुलरची परीक्षा महामार्गावर करू नये, इमामपूर किंवा करंजी घाटात भरलेल्या गाडीने करावी. ज्या गाड्यांचा इंटरकुलर इंजिनाच्या वर, बॉनेटच्या तोंडाखाली असतो त्यांना हा रेडिएटरचा त्रास नाही, पण हळू चालताना त्यांच्यावर वाराही फारसा येत नाही.

मोठ्या इंटरकुलरने टर्बो उशिरा उठतो, अशी एक तक्रार ऐकू येते. ती खोटी नाही, पण जेवढी सांगतात तेवढीही नाही. जाळी आणि पाईप मिळून पाच-आठ लिटर जागा वाढली, तरी हे इंजिन १८०० फेऱ्यांवर सेकंदाला ३८ लिटरच्या आसपास हवा गिळते. म्हणजे फरक सेकंदाच्या काही भागाचा. खालच्या फेऱ्यांवर, जेथे टर्बोची हवाच तोकडी, तेथे तो थोडा जाणवतो. मालगाडीवाल्याने याची फार चिंता करू नये. पाईप मात्र उगाच जाड आणि वळणावळणाचे घेऊ नयेत.

"मोठा इंटरकुलर म्हणजे जास्त जोर" याचाही खुलासा करायला हवा. डिझेल इंजिनात जोर डिझेलमधून येतो. हवा वाढली आणि डिझेल तेवढेच राहिले, तर धूर कमी होईल, आतली गरमी कमी होईल, पण घोडे वाढणार नाहीत. म्हणून गॅरेजवाला पुढचे वाक्य बोलतो: "पंप वाढवून देतो." नव्या गाड्यांत पंपाऐवजी कॉम्प्युटर बदलतात. तेथून पुढे टर्बो, पिस्टन, क्लच आणि गिअरबॉक्स, सगळेच कंपनीच्या हिशेबाबाहेर जातात. पेट्रोलची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१७ मध्ये टाटाची नेक्सॉन, मारुतीची बलेनो आरएस अशा टर्बो पेट्रोल गाड्या आल्या आणि पुढे त्या वाढतच गेल्या. पेट्रोल इंजिनात गरम हवेने ठोके पडतात. ते टाळायला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि जोर घटतो. तेथे चार अंश थंडाईची किंमत डिझेलपेक्षा जास्त आहे.

कायद्याचीही बाजू आहे. आपल्या नगरला, आताच्या अहिल्यानगरला, व्ही.आर.डी.ई. ही लष्करी वाहनांच्या संशोधनाची संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे नवे मॉडेल विक्रीला आणण्यापूर्वी ज्या संस्थांकडून तपासून घ्यावे लागते, त्यांत पुण्याच्या ए.आर.ए.आय. बरोबर हिचेही नाव आहे. तेथे धूर मोजला जातो तो कंपनीने दिलेल्या इंटरकुलरसह. एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस. ४ आणि एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ आले, तेव्हापासून हवेचे तापमान हा इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रोजचा हिशेब आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाने करू नये. त्याच मापाचा इंटरकुलर बदलणे ही दुरुस्ती आहे. पंप किंवा कॉम्प्युटर वाढवून इंजिनाचा जोर बदलणे हा वेगळाच मामला. अपघातानंतर विमावाल्यांना सवाल करायला तेवढेही पुरते.

मग कारागिराने काय करावे? जुना इंटरकुलर समोर ठेवून लांबी, उंची, जाडी, नळ्यांची संख्या आणि तोंडाचा व्यास लिहून घ्यावा, आणि त्याला जुळणाराच बसवावा. मोठा घ्यायचाच असेल तर समोरचे क्षेत्रफळ वाढवावे, जाडी नव्हे, आणि रेडिएटरभोवतीचे पंख्याचे कवच व बाजूच्या फटी बंद आहेत हे पाहावे. फटी राहिल्या तर हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते. अंदाजावर जाऊ नये. इंटरकुलरच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा एक-एक गेज आणि तारेचा थर्मामीटर लावून घाटात आकडे घ्यावेत. आत आलेल्या हवेतून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान वजा करावे, आणि त्याला आत आलेल्या व बाहेरच्या मोकळ्या हवेतील फरकाने भागावे. ०.७ च्या जवळ आले तर इंटरकुलर बदलण्यात पैसे घालू नयेत.

बरेचदा तर बदलण्याची गरजच नसते. टर्बोचे सील गळून आत तेल साचलेले असते, बाहेरून चिखल-किडे बसलेले असतात, किंवा होज पाईपचा क्लॅम्प ढिला असतो. जाळी उतरवून धुवावी आणि पूर्ण वाळवूनच बसवावी, कारण साचलेले तेल डिझेल इंजिनाने ओढले तर फेऱ्या आवरत नाहीत. मग दोन्ही तोंडे घट्ट बंद करून, पाण्याच्या टाकीत बुडवून, टर्बोच्या दाबाइतकीच हवा भरावी आणि बुडबुडे पाहावेत. बूच उडून लागू शकते, म्हणून तोंड समोर धरून उभे राहू नये. माझ्या जुन्या इंटरकुलरचे छिद्र पुढे एका रेडिएटरवाल्या चाचांनी ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगने बंद करून दिले. तोच गाडीवर पुन्हा बसवला, आणि ट्रकचा जाड इंटरकुलर वजनावर भंगारात गेला.