समुद्राचें कोठार आणि एक पाककर्ता

अन्नाच्या बाबतींत मनुष्य जितका रूढिप्रिय असतो, तितका इतर कोणत्याहि बाबतींत क्वचितच असेल. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या मासळीबाजारांत जाऊन पाहावें. पापलेट, सुरमई, रावस, कोळंबी यांच्या पाट्यांभोंवतीं गर्दी लोटलेली असते. आणि त्याच जाळ्यांत, त्याच रात्रीं सांपडलेली दुसरी कितीतरी मासळी कोपऱ्यांत पडून असते. तिचा भावहि कोणी विचारीत नाहीं. ती खाण्यास अयोग्य असते असें मुळींच नाहीं. ती खाण्याची चाल नसते, एवढेंच. समुद्र शेंकडों जातींचें अन्न देतो आणि मनुष्य त्यांतील दहाबारा जातींवर तुटून पडतो. मग त्या जाती दुर्मिळ होतात, महाग होतात, आणि समुद्र आटला अशी ओरड सुरू होते.

ही स्थिति एकट्या कोंकणची नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांतील मच्छीमार दरसाल सुमारें ९१ लाख टन मासळी पकडून पुन्हां समुद्रांत फेंकून देतात. म्हणजे जाळ्यांत येणाऱ्या दर दहा मणांतील सुमारें एक मण. फेंकलेली मासळी बहुधा मेलेलीच असते. युरोपीय संघानें या नासाडीला आळा घालण्यासाठीं २०१५ पासून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्यानें असा निर्बंध घातला कीं, ठराविक जातींची पकडलेली मासळी समुद्रांत न टाकतां बंदरावर आणलीच पाहिजे. परंतु बंदरावर आणलेली ती मासळी खाणार कोण? कायदा मासळी किनाऱ्याला लावूं शकतो. ती पानांत वाढूं शकत नाहीं. तें काम आचाऱ्याचें आहे. स्पेन देशांतील आन्हेल लेओन या आचाऱ्यानें तेंच आपलें जीवितकार्य मानलें. त्याच्या देशबांधवांनीं त्याला ‘समुद्राचा आचारी’ असें नांव दिलें आहे.

स्पेनच्या दक्षिणेस, अटलांटिक महासागराच्या कांठीं, कादिस नांवाचें अतिप्राचीन बंदर आहे. फिनीशियन व्यापाऱ्यांनीं तें वसविलें आणि पुढें रोमन लोकांनीं भरभराटीस आणलें. या किनाऱ्यावर बाइलो क्लॉदिया येथें रोमन काळांतील मासळी खारविण्याचीं दगडी टांकीं आजहि पाहावयास मिळतात. माशांचीं आंतडीं मिठांत मुरवून ‘गारुम’ नांवाचें जें कालवण त्या काळीं तयार होत असे, त्याला साम्राज्यांत सर्वत्र मागणी होती आणि त्याच्या उत्तम प्रतीला भारी किंमत मिळे. म्हणजे ज्याला आज घाण म्हणून टाकतात, त्यांतून मोलाचा पदार्थ काढण्याची विद्या या किनाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वीं अवगत होती. लेओनच्या कार्याचें मूळ या परंपरेंत आहे, हें ध्यानांत ठेवावें.

त्याचा जन्म १९७७ सालीं कादिस प्रांतांतील हेरेस या गांवीं झाला. लहानपणीं तो वडिलांबरोबर होडींतून उपसागरांत मासे धरावयास जाई. शाळेच्या बाकावर त्याचें चित्त रमलें नाहीं. त्याची गणना चंचल व नापास होणाऱ्या मुलांतच होई. अशा मुलांविषयीं शिक्षक लवकर निराश होतात. परंतु कित्येकदां मुलाची शाळा निराळीच असते आणि ती त्याला थोडी उशिरा सांपडते, एवढाच त्याचा अर्थ. या मुलाला ती सेव्हिल येथील पाकशाळेंत सांपडली. पुढें फ्रान्समधील बोर्दो शहरांतील एका नामांकित भोजनगृहांत त्यानें उमेदवारी केली, फ्रेंच पाककलेची कडक शिस्त अंगीं बाणवून घेतली आणि तो मायदेशीं परतला. २००७ सालीं कादिसच्या उपसागरावरील एल पुएर्तो दे सान्ता मारीया या गांवांत त्यानें ‘आपोनिएन्ते’ नांवाचें लहानसें भोजनगृह उघडलें. ‘पोनिएन्ते’ म्हणजे पश्चिमेकडून, समुद्रावरून येणारा वारा.

हा वारा आरंभीं त्याला अनुकूल वाहिला नाहीं. त्या गांवीं येणाऱ्या मंडळीला तळलेली मासळी आणि उकडलेली कोळंबी हवी असे. त्यांच्यापुढें हा गृहस्थ मच्छीमारांनीं टाकून दिलेले मासे शोभिवंत करून मांडूं लागला. खुर्च्या पुष्कळदां रिकाम्या राहात आणि कर्ज वाढत जाई. तरी त्यानें आपला मार्ग बदलला नाहीं.

त्यानें नेमकें काय केलें, हें समजण्यासाठीं मासळीच्या मांसाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. जमिनीवरील जनावराला आपल्या देहाचा भार स्वतः तोलावा लागतो, म्हणून त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारे तंतु चिवट असतात. माशाचा भार पाणी तोलतें. त्यामुळें त्याच्या मांसांत असे तंतु थोडे असतात आणि ते थोड्या उष्णतेनेंहि विरघळतात. म्हणूनच मटण तासभर रटरटावें लागतें आणि मासा पांचदहा मिनिटांत शिजतो. जास्त शिजविला तर कोरडा पडून विसकटतो. दुसरी गोष्ट अशी कीं, मासळीचें मांस थंड असतांना मीठ घालून घोटलें म्हणजे त्यांतील प्रथिनें सुटीं होतात, चिकट बनतात आणि मग उष्णता लागतांच घट्ट धरून येतात. जपानी लोक या गुणाचा उपयोग फार काळापासून करीत आले आहेत.

लेओनची दृष्टि अशी कीं, स्पेनमध्यें डुकराच्या मांसापासून जे नाना प्रकारचे मसालेदार सॉसेज करतात, ते सारे माशापासून कां करूं नयेत? त्यानें त्यासाठीं ‘लीसा’ नांवाचा मासा निवडला. हा आपल्या खाड्यांतील बोयांचा भाऊबंद. चिखलांत चरतो म्हणून त्याच्या चवीला नांवें ठेवतात आणि त्याला भाव मिळत नाहीं. त्याचें मांस घोटून, त्यांत लसूण आणि लाल मिरचीची पूड घालून त्यानें असे सॉसेज तयार केले कीं, खाणाराला प्रथम तें डुकराचें मांसच वाटावें. सर्पाकृति मोरे माशाची कातडी कोणी खात नसे. ती तळून त्यानें कुरकुरीत केली. तेलघाण्यावर उरलेल्या ऑलिव्हच्या बियांचा कोळसा करून त्यावर त्यानें मासे भाजले. माशाचें सार गढूळ व तेलकट राहूं नये म्हणून त्यानें डायटम नांवाच्या सूक्ष्म शैवालांचा उपयोग केला. या शैवालांना वाळूच्याच द्रव्याचें सच्छिद्र कवच असतें. त्या कवचांच्या भुकटींतून सार गाळलें म्हणजे गाळ आणि चरबी मागें राहून स्वच्छ द्रव खालीं उतरतो. समुद्राचें सार समुद्रांतल्याच वस्तूनें गाळावयाचें, ही कल्पना त्याच्या एकंदर विचारसरणीला शोभणारी आहे.

याहून धाडसाचा प्रयोग म्हणजे प्लवकाचा. समुद्राच्या पाण्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य वनस्पति तरंगत असतात. त्यांना वनस्पति-प्लवक म्हणतात. पृथ्वीवर वनस्पति सूर्यप्रकाशाच्या साह्यानें जो प्राणवायु निर्माण करितात, त्यांतील सुमारें अर्धा या सूक्ष्म जीवांचा असतो, आणि समुद्रांतील बहुतेक सर्व प्राण्यांचें अन्न शेवटीं यांच्यावरच आधारलेलें असतें. माशाला जी समुद्राची चव म्हणून आपण ओळखतों, तिच्या मुळाशीं जाऊन तीच थेट पानांत वाढावी, असें लेओनच्या मनानें घेतलें. परंतु समुद्राचें पाणी गाळून प्लवक मिळवावयाचें म्हटलें तर ढीगभर श्रमांना चिमूटभर फळ. म्हणून एल पुएर्तोमधीलच शास्त्रज्ञांच्या मदतीनें एका ठराविक जातीची टांक्यांत लागवड करण्यांत आली, आणि २०१४ सालीं युरोपीय संघानें ती मनुष्याच्या अन्नांत वापरण्यास मान्यता दिली. हिरव्यागार भुकटीचा चिमूटभर अंश घालून शिजविलेला त्याचा भात पुढें त्याची ओळखच होऊन बसला.

हळूहळू लोकांचें लक्ष वेधलें. फ्रान्समधील मिशेलिन कंपनी भोजनगृहांची पारख करून एक ते तीन तारे देते, आणि त्या धंद्यांत या ताऱ्यांना फार मान आहे. आपोनिएन्तेला २०१० सालीं पहिला, २०१४ सालीं दुसरा आणि २०१७ सालीं तिसरा तारा मिळाला. टाकाऊ मासळीच्या बळावर एका आचाऱ्यानें मिळविलेला हा मान होता.

२०१५ सालीं त्यानें आपलें भोजनगृह गांवालगतच्या खारपाट जमिनीवरील भरतीच्या एका जुन्या गिरणींत हलविलें. तिची रचना जाणण्याजोगी आहे. भरतीचें पाणी एका दारांतून आंत शिरून मोठ्या तळ्यांत सांठे. ओहोटी लागतांच आंतल्या पाण्याच्या दाबानें तें दार आपोआप मिटे. मग बाहेरची पातळी पुरेशी उतरली म्हणजे सांठलेलें पाणी चाकांवर सोडून दळण दळीत. गोव्यांतील खाजण शेती ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना बांधांतील ‘मानस’ आठवेल. त्याचें दारहि असेंच पाण्याच्या दाबानें उघडतें व मिटतें. मात्र त्याचें काम उलट, म्हणजे भरतीचें खारें पाणी बाहेर थोपवावयाचें आणि ओहोटीला शेतांतलें पाणी बाहेर सोडावयाचें. दोन दूरच्या किनाऱ्यांवरील लोकांनीं चंद्राच्या त्याच शक्तीला आपआपल्या गरजेप्रमाणें कामाला लावलें होतें.

या खारपाटांतूनच लेओनच्या सर्वांत मोठ्या प्रयोगाचा उगम झाला. तेथील उथळ पाण्यांत झोस्टेरा मरीना नांवाचें सागरी गवत उगवतें. हें शैवाल नव्हे. याला खरीं मुळें असतात, फुलें येतात, त्यांचें परागीकरण पाण्याखालीं होतें आणि त्यांत दाणा भरतो. तो दाणा मनुष्याला खातां येतो, हें मात्र युरोपच्या गांवींहि नव्हतें. मेक्सिको देशांतील सोनोरा प्रांताच्या किनाऱ्यावर राहणारे सेरी लोक हा दाणा परंपरेनें गोळा करून, भाजून, दळून त्याची पेज करीत. फेल्गर व मोझर या संशोधकांनीं १९७३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत त्याविषयीं निबंध लिहिला. ज्यांना सुधारलेलें जग मागासलेले समजे, त्यांच्याजवळ समुद्रांतील धान्याचें ज्ञान होतें! लेओन व त्याचे सहकारी यांनीं कादिस विद्यापीठाच्या साह्यानें या गवताची प्रायोगिक लागवड केली आणि २०२१ सालच्या आरंभीं तिची वार्ता जगाला कळली. लागवडीचें क्षेत्र तीन हजार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एकराहूनहि कमी होतें. पण त्या एवढ्याशा तुकड्याचा अर्थ मोठा आहे. या धान्याला गोडें पाणी लागत नाहीं, खत लागत नाहीं, नांगरट लागत नाहीं; दाण्यांत पिष्ट भरपूर आणि प्रथिनें तांदळाहून अधिक असतात.

शिवाय या गवताचें रान म्हणजे समुद्राचें बालसंगोपनगृह होय. माशांचीं व खेंकड्यांचीं पिलें त्याच्या आश्रयानें वाढतात, मुळें चिखल धरून ठेवतात, आणि हवेंतील कर्बाचा अंश त्या चिखलांत दीर्घकाळ गाडला जातो. १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत एका रोगानें अटलांटिकच्या दोन्ही कांठांवरील हीं रानें बहुतांशीं नष्ट केलीं, तेव्हां त्यांवर जगणाऱ्या हंसजातीच्या पक्ष्यांचीहि दुर्दशा झाली. धान्याच्या आशेनें हीं रानें पुन्हां उभीं राहिलीं, तर एका पिकांत दोन कामें साधतील.

या सर्व कथेंत अतिशयोक्तीपासून दूर राहिलें पाहिजे. आपोनिएन्तेमधील एका भोजनाचा खर्च कादिसच्या सामान्य मच्छीमाराला परवडणारा नाहीं. ज्याच्या जाळ्यांतील मासळीला तेथें मान मिळतो, तो बहुधा त्या पंक्तीला बसत नाहीं. प्लवकाची भुकटी महाग आहे. एकरभर गवतानें कोणत्याहि देशाची भूक भागणार नाहीं. एका टाकाऊ जातीला एकदां भाव आला कीं तीहि बेसुमार पकडली जाण्याचा धोका असतोच. तेव्हां या प्रयोगांचें महत्त्व त्यांच्या आकारांत नाहीं. प्रतिष्ठितांच्या पंक्तींत जो पदार्थ एकदां बसतो, त्याची लाज हळूहळू सर्वांनाच वाटेनाशी होते, आणि तसें झालें म्हणजे मच्छीमाराला तेवढ्याच जाळ्यांत, तेवढ्याच श्रमांत अधिक मिळकत होण्याचा संभव असतो. महत्त्व आहे तें यांत.

हें अशक्य मानण्याचें कारण नाहीं. बटाटा आणि मिरची हीं दोन्हीं अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आलीं. आज मिरचीवांचून आमटी होत नाहीं आणि बटाटा तर उपवासालाहि चालतो. रूढि बदलते, परंतु ती उपदेशानें बदलत नाहीं, चवीनें बदलते. कोंकणांतील गरीब घरांत चिमूटभर जवळा कांद्यावर परतून भाकरीबरोबर खाण्याची चाल पूर्वींपासून आहे. सुकट, सोडे, वाळविलेले बोंबील यांवर कित्येक कुटुंबांनीं पावसाळे काढले आहेत. कोणत्या लहान माशाचें कोणत्या ऋतूंत काय करावें, कोणत्याला तिरफळ घालावें, कोणत्याला कोकम अधिक लागतें, हें ज्ञान त्या घरांतील बायकांजवळ आहे. तें कोणत्याहि पाकशाळेंत शिकवीत नाहींत आणि ज्या माउलींबरोबर तें जाईल त्यांच्यामागें परत येणार नाहीं. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं बाजारांत पापलेटाच्या पाटीपाशीं थांबण्यापूर्वीं कोपऱ्यांतल्या पाटीचा भाव विचारावा, आणि ती मासळी कशी करावयाची हें विकणाऱ्या कोळणीलाच विचारावें. उत्तर बहुधा तिच्याजवळ तयार असेल.