भूरोधकता निरीक्षण
भूकंपप्रवण क्षेत्रातील जमिनीच्या विद्युत् रोधकतेत होणारे बदल सातत्याने मोजण्याची पद्धती. चार विद्युत् अग्रे एका रेषेत रोवून बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात व आतल्या दोहोंमधील विद्युत् दाबावरून रोधकता काढतात. ताणाखालील खडकात सूक्ष्म भेगा पडून पाणी शिरल्यास ती घटते. तांगशान (चीन) येथील १९७६ च्या भूकंपापूर्वी अशी घट नोंदली गेली. पण तीवरून भरवशाचे भाकीत अद्याप साधलेले नाही. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी प्रत्येकी ४·५ महत्तेचे भूकंप झाले. तेथील काळी माती मार्चमध्ये कोरडी, जुलैत भिजलेली असते. हा ऋतुमानाचा फरकच खालच्या बेसाल्टातील सूक्ष्म बदल झाकून टाकू शकतो. म्हणून अग्रांमधील अंतर वाढवून खोलवर मापन करावे लागते व विहिरींच्या पाणीपातळीची नोंदही ठेवावी लागते.