ऑर्नेट कोलमन यांचा ‘फ्री जॅझ’: एक ध्वनिमुद्रिका, दोन परीक्षणे

प्रस्तुत लेखात अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘फ्री जॅझ’ या ध्वनिमुद्रिकेची रचना व तिला मिळालेला प्रतिसाद यांचा विचार केला आहे. ‘डाउन बीट’ या नियतकालिकाने जानेवारी १९६२ मध्ये तिची दोन परीक्षणे एकत्र छापली. पीट वेल्डिंग यांनी तिला पाच तारे दिले. जॉन टायनन यांनी एकही दिला नाही. एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांनी शंभर आणि शून्य गुण द्यावेत, असाच हा प्रकार होय.

हे वादन २१ डिसेंबर १९६० रोजी न्यू यॉर्क येथे ध्वनिमुद्रित झाले व १९६१ मध्ये अटलांटिक कंपनीने ते प्रसिद्ध केले. सुमारे ३७ मिनिटांचे हे वादन अखंड आहे. त्यात चार-चार वादकांचे दोन संच आहेत. स्टीरिओ ध्वनिमुद्रणात कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो व बिली हिगिन्स डाव्या बाजूस, तर एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन व एड ब्लॅकवेल उजव्या बाजूस ऐकू येतात.

तत्कालीन जॅझमध्ये वादक सामान्यतः एखाद्या गीतातील कॉर्डची ठरलेली साखळी आधाराला घेऊन उत्स्फूर्त वादन करीत असे. कोलमन यांनी हा आधारच काढून घेतला. आवर्तन आणि सम यांवर पोसलेल्या आपल्या कानाला त्यातील अडचण सहज कळेल: आपण नेमके कोठे आहोत, हे श्रोत्याला उमगत नाही. टायनन यांनी तर यातील सामूहिकताच नाकारली.

तथापि हे वादन निर्बंधरहित नव्हते. प्रत्येक वादकाला एकल वादनाची पाळी आहे. त्या पाळ्यांपूर्वी आधी ठरविलेले छोटे सामूहिक चरण येतात. एकल वादन चालू असता इतरांनी मध्येच साद द्यावी, अशी मुभा आहे. लयीचा ठोकाही बव्हंशी टिकून राहतो. (एकाच ध्वनिक्षेपकावर ऐकल्यास दोन संचांची विभागणी मात्र नाहीशी होते, वर्गात ऐकविताना ही काळजी घ्यावी.) म्हणून मतभेद सुव्यवस्था आणि गोंधळ यांतला नसून, व्यवस्था कशाला म्हणावे याविषयीचा होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्याच दिवशीचे सुमारे १७ मिनिटांचे पहिले वादन १९७१ मध्ये ‘ट्विन्स’ या ध्वनिमुद्रिकेत प्रसिद्ध झाले. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यास काय आधी ठरले होते आणि काय ऐन वेळी सुचले, याचा पडताळा घेता येतो. १९६२ च्या परीक्षकांपाशी हे साधन नव्हते.