ट्रकचे मीटर घेताना

गळीत हंगाम तोंडावर आला की वाहनधारक सभासदांची धावपळ सुरू होते. टायर, पाटे, ब्रेक यांवर पैसा खर्च होतो; समोरचे काटे बंद असले तर ते मात्र तसेच राहतात. "डायव्हरला आवाजावरनं कळतंय की!" असे आम्हाला नेहमी ऐकावे लागते. आवाज बदलेपर्यंत बेअरिंगचे व्हायचे ते होऊन गेलेले असते. भर हंगामात इंजिन उतरवावे लागले तर दुरुस्तीचा खर्च वेगळा, बुडालेल्या खेपा वेगळ्या, आणि तोडलेला ऊस फडात वाळून वजन घटते ते सभासदाचेच.

जुन्या डिझेल ट्रकला बाहेरचे मीटर बसवायचे तर आमच्या मते पहिला मान ऑईल प्रेशरचा, दुसरा पाण्याच्या तापमानाचा. बाकीचे सवडीने पाहावे.

ऑईलचे मीटर दोन तऱ्हेचे मिळते. एकात इंजिनाचे ऑईल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत येते. आतली वाकवलेली नळी दाबाने सरळ होऊ पाहते व तिच्या ओढीने काटा फिरतो. फ्रान्समधील युजेन बूर्दाँ यांनी १८४९ साली पेटंट घेतलेली ही युक्ती. बॉयलरवरची वाफेची गेजही याच जातीची. याला बॅटरी लागत नाही, म्हणून आमचा कौल यालाच. मात्र नळी चासीवर घासू देऊ नये, आणि इंजिनाजवळ तिला एक वेटोळे द्यावे, नाहीतर हादऱ्याने चिरते व गरम ऑईल बाहेर येते. डायल ० ते ७ किलोची पुरते. फार मोठ्या आकड्याची घेतली तर काटा कोपऱ्यातच घुटमळतो.

विजेवरचे घेतल्यास मीटर व सेंडर जोडीचेच घ्यावे. एकाचे मीटर, दुसऱ्याचा सेंडर असा मेळ घातला की नवे कोरे मीटरही खोटे बोलते. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते. मिस्त्रीने तिथे पांढरी टेप गच्च गुंडाळली की काटा भलतेच सांगू लागतो. गाडी १२ व्होल्टची की २४ ची, हे दुकानदाराला आधीच सांगावे.

तापमानाचे नळीवाले मीटर लांब वाटले तरी कापू नये. कापले की ते भंगारात. बसवण्यापूर्वी त्याचा बल्ब उकळत्या पाण्यात धरावा. आपल्या देशावरच्या पठारी भागात काटा ९८ अंशांच्या आसपास थांबला पाहिजे. ९० किंवा ११० दाखवला तर मीटर सरळ परत करावे.

इथे एक गोष्ट ड्रायव्हरला मुद्दाम सांगायला हवी. होज फुटून पाणी निघून गेले तर बल्ब कोरडा पडतो आणि काटा चढण्याऐवजी उतरू शकतो. भरल्या गाडीचा काटा चढावर एकाएकी खाली आला तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे टोपण मात्र उघडू नये.

एप्रिल २०२० पासूनच्या बी. एस. ६ गाड्यांत हे आकडे संगणकाकडून येतात. त्यांच्या वायरी तोडून काही जोडू नये. वॉरंटी जाण्याचा संभव असतो.

जुन्या गाडीचा ऑईलचा लाल दिवाही काढू नये. टी बसवली की मीटर व दिवा दोन्ही चालतात. रात्रीच्या खेपेला डोळ्यावर झापड असते. काट्याकडे लक्ष जात नाही, लाल दिव्याकडे जाते.