चरबी काढता येते, पण कोणाची?

मराठीत पोट ‘वाढत’ नाही, ते ‘सुटते’. जणू आजवर कोठेतरी बांधून ठेवलेले होते आणि एके दिवशी दावे तोडून मोकळे झाले. या सुटलेल्या पोटास पुन्हा दावणीला आणण्याचे उपाय आजवर दोनच ठाऊक होते : ताटातील घास कमी करणे आणि पायांना चाल देणे. दोन्ही कष्टाचे, दोन्ही दीर्घकाळ चालणारे. आता लहानमोठ्या शहरांतील जाहिरातफलक तिसरा उपाय सांगू लागले आहेत. त्याचे नाव लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून घेण्याची शल्यक्रिया. सकाळी दवाखान्यात जावे आणि सायंकाळी सडपातळ होऊन परतावे, असे या जाहिरातींचे एकंदर सूत्र असते. पैसे हप्त्यांनी भरण्याची सोयही अनेकदा असते. पगारदार माणसाला आणि लग्नाच्या वयातील मुलामुलींना मोहात पाडण्यास एवढे पुरेसे आहे.

ही शल्यक्रिया खोटी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. योग्य माणसावर, योग्य हातांनी ती झाली तर तिचा उपयोग होतो. प्रश्न आहे तो ज्यांना ती विकली जाते त्यांच्यापैकी किती जणांना ती खरोखर लागू पडते हा.

तिची कृती वरवर पाहता साधी आहे. त्वचेला काही मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून बोथट टोकाची पोकळ नळी आत घालतात. त्वचा आणि स्नायू यांच्यामधील मेदाच्या थरात ती मागेपुढे फिरवली जाते, तुटलेल्या मेदपेशी नळीत येतात आणि निर्वात पंप त्यांना बाहेर खेचतो. या साधेपणापर्यंत पोहोचण्यास मात्र अर्धशतक लागले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पॅरिसमधील शार्ल द्युजारिए या शल्यविशारदाने एका तरुणीचे पाय सुडौल करण्यासाठी त्यांतील चरबी खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. रक्तवाहिन्यांना इजा झाली, पाय सडू लागला आणि अखेर तो कापावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे या वाटेला जाण्यास फारसे कोणी धजावले नाही. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यास रोममधील जॉर्जिओ फिशर आणि त्यांचे वडील आर्पाद यांनी पोकळ नळी व शोषण यांची सांगड घातली. १९७७ च्या सुमारास पॅरिसचे इव्ह-जेरार इल्लूझ यांनी बोथट नळी वापरून आणि आधी द्रव टोचून ही पद्धत रुळवली. रक्तस्राव मात्र पुष्कळच होत असे. तो आटोक्यात आणला कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी. लिडोकेन हे बधिरीकरणाचे औषध आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अ‍ॅड्रेनालिन अतिशय विरळ करून मोठ्या प्रमाणात मेदाच्या थरात भरावे, म्हणजे तो भाग फुगून घट्ट होतो, बधिर होतो आणि रक्तही थोडेच जाते, ही त्यांची कल्पना १९८७ साली प्रसिद्ध झाली. आजची शल्यक्रिया प्रामुख्याने याच पायावर उभी आहे.

आता चरबीविषयी. शरीरात ती दोन ठिकाणी साठते. एक त्वचेखाली, जी दोन बोटांच्या चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या पोकळीत, आतडी व यकृत यांच्या आसपास. ती चिमटीत येत नाही. टणक, पुढे आलेली ढेरी बहुधा या दुसऱ्या चरबीची असते. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी जवळचे नाते आहे ते या आतल्या चरबीचे, आणि शोषणनळी जेथे पोहोचत नाही, किंबहुना पोहोचता कामा नये, तीही हीच जागा. म्हणजे जी चरबी घातक ती नळीला काढता येत नाही, आणि जी काढता येते ती बहुतांशी दिसण्यापुरतीच नकोशी असते. जाहिरातींत हा भेद सहसा आढळत नाही.

भारतीयांच्या बाबतीत तर तो अधिकच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक नेमका २२.३. परंतु एकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर दुसऱ्याच्या २१.२ टक्के. अधिक चरबी कोणाची हे सांगावयास नकोच; ती पुण्याच्या डॉक्टरांची होती! हातपाय काटकुळे, वजन काट्यावर बेताचे आणि तरीही चरबी भरपूर, ही आपल्याकडील प्रकृती. कचेरीत आठ तास खुर्चीवर बसणाऱ्या चाळिशीतील कारकुनाची ढेरी ही प्रायः याच जातीची, आणि नेमका तोच या जाहिरातीपुढे थबकतो.

चरबी काढल्याने आरोग्य सुधारते काय, याचा शोध घेतला गेला आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनी पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालची चरबी शोषून घेतली. ती थोडीथोडकी नव्हे, तर प्रत्येकीची सुमारे दहा किलो. दहा ते बारा आठवड्यांनी तपासले तेव्हा इन्शुलिनची कार्यक्षमता, रक्तदाब, रक्तातील स्निग्ध द्रव्ये यांपैकी कशातही लक्षणीय सुधारणा नव्हती. २००४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उपासाने व चालण्याने याहून कमी वजन घटले तरी साखर खाली येते. येथे दहा किलो जाऊनही काही हलले नाही. २०११ साली कोलोरॅडोच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मांड्यांची व ओटीपोटाची चरबी काढलेल्या स्त्रियांच्या शरीरात वर्षभरात तेवढी चरबी परत जमली. मांड्यांवर नव्हे, तर पोटावर. मेदपेशी काढल्या तरी शरीर आपली शिल्लक मोजत असते आणि उरलेल्या पेशी फुगवून खाते पुन्हा पूर्ववत करते, असे म्हणावयास हरकत नाही.

मग ही शल्यक्रिया योग्य कोणाला? ज्याचे वजन मुळातच प्रमाणाच्या जवळपास आहे आणि बराच काळ स्थिर आहे, ज्याची त्वचा लवचीक आहे, आणि व्यायाम व आहार सांभाळूनही एखाद्या जागची चरबी हटत नाही, अशा निरोगी माणसाला. काही आजारांतही तिचा खरा उपयोग आहे. पुरुषांच्या छातीची स्त्रीसारखी वाढ झाली असेल, पायांत वेदनादायक मेद साठण्याचा लिपिडिमा हा विकार असेल, किंवा मोठ्या मेदगाठी असतील, तर ती आधार ठरते. छातीच्या वाढीमुळे पोहण्याच्या तलावावर अंगरखा न काढणाऱ्या मुलाचे दुःख केवळ नटण्याचे म्हणून हसण्यावारी नेणे बरे नव्हे. मात्र लठ्ठपणावर हा इलाज नाही. सैल लोंबणारी त्वचा तिने आवळली जात नाही, प्रसूतीनंतरचे पांढरे वण जात नाहीत. हृदयविकार असलेल्यांनी, रक्त गोठण्याच्या वा न गोठण्याच्या तक्रारी असलेल्यांनी तिच्यापासून दूरच राहावे. धूम्रपान करणाऱ्यांनी निदान ते थांबवल्याखेरीज तिचा विचार करू नये. आरशात नसलेले व्यंग पाहण्याचा मानसिक विकार ज्यांना जडला आहे, त्यांचे समाधान तर कोणत्याच शस्त्राने होत नाही.

धोक्यांविषयी बोलताना आकडे सांगितलेले बरे. १९९४ ते १९९८ या काळातील सुमारे पाच लाख शल्यक्रियांची अमेरिकेत पाहणी झाली. तीत ९५ मृत्यू आढळले, म्हणजे पाच हजारांत सुमारे एक. पायातील रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकणे हे त्यातले पहिले कारण, तर नळीने पोटातील अवयवांना छिद्र पडणे हे दुसरे मोठे कारण. त्यानंतर पद्धती सुधारल्या, मर्यादा आखल्या गेल्या. एका बैठकीत एकूण पाच लिटरहून अधिक ऐवज काढावयाचा असल्यास रात्रभर रुग्णालयातच देखरेख असावी, हा त्यातला एक दंडक. लिडोकेनचे प्रमाणही वजनाशी बांधलेले आहे, कारण चरबीत भरलेले हे औषध रक्तात सावकाश उतरते आणि त्याची पातळी पुष्कळदा बारा तासांच्या सुमारास सर्वांत वर जाते. सकाळी आलेला रुग्ण तोवर घरी अंथरुणावर असतो! ‘सकाळी या, सायंकाळी जा’ या सूत्रातील गोम येथे आहे.

आणि आकड्यांमागे माणसे असतात. नायजेरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी स्टेला ओबासांजो २००५ साली स्पेनमध्ये अशाच शल्यक्रियेनंतर मरण पावल्या. नळी पोटाच्या पोकळीत घुसली होती, आणि २००९ साली शल्यविशारदास निष्काळजीपणाबद्दल शिक्षा झाली. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत दूरचित्रवाणीवरील एक एकवीस वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शल्यक्रियेनंतर दगावली. आईवडिलांनी हलगर्जीपणाचा आरोप केला. एकवीस हे वय महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचे. त्या वयाच्या मुलीला आपले शरीर इतके अपुरे वाटावे, याचा दोष एकट्या नळीवर टाकता येणार नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सौंदर्यविषयक शल्यक्रियांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेस हजेरी लावून वा यूट्यूबवर पाहून शिकणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत बजावावे लागले, यावरूनच परिस्थितीची कल्पना येते. आरोग्यविमा अशा शल्यक्रियेचा खर्च सामान्यतः देत नाही. पुढे गुंतागुंत झाली तर अतिदक्षता विभागाचे बिलही बहुधा कुटुंबावरच येते. म्हणून हप्त्यांच्या कागदावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : शस्त्र धरणाऱ्याची प्लॅस्टिक सर्जरीतील पदवी कोणती, भूलतज्ज्ञ सर्व वेळ हजर राहणार की नाही, किती लिटर काढणार, रात्री कोणाला दूरध्वनी करावयाचा, आणि श्वास लागल्यास रुग्णाला नेणार कोठे.